धाकट्याचा अर्ज आणि थोरली भावंडे



बारावीची परीक्षा आटोपली की आपल्या घरांतून एक हाक ऐकू येते, "आपा, छोट्याचा फॉर्म तेवढा भरून दे." घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेला जो कोणी असेल, त्याच्या गळ्यात पुढच्या साऱ्या भावंडांचे अर्ज पडतात. अब्बा पुष्कळदा आखातात नोकरीला असतात. म्हणून आज मला बोलायचे आहे ते मुख्यतः या थोरल्या भावंडांशी.

अर्ज भरणे म्हणजे संगणकासमोर बसणे, हा समज आधी सोडला पाहिजे. खरे काम कागदपत्रांचे आहे आणि ते अकरावीतच सुरू व्हावे. आपल्याकडे नावांचा घोळ फार. गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरे; कुठे पुरते मोहम्मद, तर कुठे नुसते 'एमडी'. (डॉक्टर होण्याआधीच एमडी!) हे आधी एकसारखे करून घ्या.

मोमीन, बागवान, पिंजारी अशा बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. त्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा राज्यातील वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेतला उतारा काढावा, तर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले निघते. मग चुलत आजोबांच्या शाळेत शोधा! यात महिने जातात; पुढे जात पडताळणी आहेच. ज्यांची बिरादरी कोणत्याच मागास यादीत नाही, त्यांना आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या 10 टक्के जागांचा विचार करता येतो. तिथे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असण्याची अट आहे.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट अवश्य ऐकावी. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील, इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातली जागा 'पक्की' करून देणारा एजंट हे सांगत नाही.

आता पसंतीक्रम. सारा प्रवेश या यादीवर ठरतो, आणि थोरल्यांची ढवळाढवळ सर्वात जास्त इथेच होते. भाईजान इंजिनिअर झाले की धाकट्याच्या यादीत इंजिनिअरिंगच! संगणक यादी वरून खाली वाचतो आणि गुणांत बसणारी पहिली जागा देतो. तेव्हा अवघड पण मनातले कॉलेज वर लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. उलट, पहिल्या क्रमांकावर उगीच एखादे नाव टाकले आणि पहिल्या फेरीत तेच मिळाले, तर इंजिनिअरिंगच्या प्रवेशात ती जागा पक्की धरतात. पुढच्या फेऱ्यांत बदल मिळत नाही. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचलीच पाहिजे.

माझे मत असे की, यादी धाकट्याने बोलावी आणि थोरल्याने लिहावी. शंका असल्यास विचारावे, "हेच वर का?" उत्तर आले नाही तर दोन दिवस थांबावे. पालकांनाही सांगणे आहे. मुलीला परगावी वसतिगृहात ठेवायचे नसेल, तर ते यादी भरण्यापूर्वी स्पष्ट बोला. पुण्याची जागा लागल्यावर "इतक्या लांब नको" म्हणणे हा त्या मुलीवर अन्याय आहे. आणि नकार देण्यापूर्वी वसतिगृह एकदा स्वतः पाहून या; तिच्या आपाला बरोबर न्या.

एक लहानशी गोष्ट राहिली. अर्जात मोबाइल नंबर घरातल्या हाताशी असणाऱ्या माणसाचा द्या. अब्बा कुवेतला असतील आणि नंबर त्यांचा असेल, तर ओटीपीसाठी अर्ध्या रात्री फोन लावावे लागतात. पासवर्ड मात्र धाकट्याच्या वहीत, त्याच्याच अक्षरात असावा. फेरीचा निकाल लागेल त्या दिवशी थोरला कामावर असला, तरी त्याला तो स्वतः उघडता आला पाहिजे.