कोणत्या रमाबाई?



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. साहित्याची परीक्षा करण्याचा माझा अधिकार नाही. पण पुस्तकांवरून व थोरांच्या चरित्रांवरून निघणाऱ्या मालिकांवर हल्ली जो तो हौसेने अभिप्राय लिहितो, त्याविषयी दोन शब्द बोलते.

मालिका आवडली की नावडली, हे ज्याचे त्याचे मत. मताबरोबर जी माहिती येते, ती मात्र तांदळासारखी निवडून घ्यावी.

२०१२ साली सुरू झालेली ‘उंच माझा झोका’ ही मालिका रमाबाई रानडे यांच्या जीवनावरची. कोणी लिहून जाते की, केडगावचे मुक्तिसदन यांनीच काढले. ते कार्य पंडिता रमाबाईंचे. रानड्यांच्या रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारले. आणि ‘स्वामी’तल्या रमाबाई तर शंभर वर्षे आधीच्या, माधवराव पेशव्यांच्या पत्नी. नाव एक, पण आयुष्ये तीन तऱ्हेची!

नावाची गल्लत एक वेळ सोडून देऊ. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. “रानड्यांसारखा सुधारक अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करील का? मालिकावाल्यांनी हे पदरचे घातले!” असे म्हणतात. पण ते पदरचे नाही. १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे रानड्यांचे काही चालले नाही. लग्नात ते एकतीस वर्षांचे, रमाबाई अकराच्या. पुढे त्यांनी पत्नीला शिकविले, आणि त्यापायी रमाबाईंनी घरातल्या बायकांची बोलणी सोसली. ही हकीकत रमाबाईंनी स्वतःच ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेविली. ते १९१० साली निघाले.

मोठ्या पुरुषाचे नाव राखण्यासाठी आपण हे खोटे म्हटले, तर खोटी कोण ठरते? मालिका नव्हे, रमाबाई! एका बाईने हिय्या करून आपले आयुष्य लिहावे आणि आपण बायकांनीच ते न वाचता पुसून टाकावे, हे बरे नव्हे.

मालिकेतही पदरचे पुष्कळ असते. पण ते कोणते, हे मूळ पुस्तक उघडल्यावाचून कसे कळणार? म्हणून माझी विनंती आहे की, मंडळाने हे पुस्तक आणावे, दुपारी जमून पाच-पाच पाने मोठ्याने वाचावी, आणि मग मालिकेला खुशाल नावे ठेवावी.

आपल्या नागपुरात सेवासदनचे नाव शाळेला आहे, चौकाला आहे. मुलीने विचारले, तर त्या कोणत्या रमाबाई, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.