ब्रेकची चकती हात लावून तपासू या

गटाचा हप्ता भरायला बँकेत, माल घेऊन बाजारात, रात्री-अपरात्री दवाखान्यात, आपली सगळी धावपळ आता मोटरसायकलवर होते. कधी आपण चालवतो, कधी मागं बसतो. म्हणून आज आम्ही पुढच्या ब्रेकविषयी बोलणार आहोत.

अनेक गाड्यांच्या पुढच्या चाकाला पोलादी चकती असते, तिला डिस्क म्हणतात. लिव्हर दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात. बऱ्याच गाड्यांची डिस्क अखंड असते. काहींची दोन भागांची असते: बाहेरची कडी, आतला भाग आणि दोघांना जोडणारे गोल रिवेट. ही सेमी-फ्लोटिंग डिस्क. बैलगाडीच्या चाकाची धाव तापवली की मोठी होते ना? तशीच घाटात ब्रेक दाबून दाबून ही कडी तापते, वाढते. रिवेट तिला थोडी जागा देतात, म्हणून ती सहजासहजी वाकत नाही.

तपासायचं कसं? गाडी पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर हात भाजेल. मग कडी धरून हलवा. सेमी-फ्लोटिंग डिस्क किंचित हलली तर ती खोट नव्हे. पण खडखडली, रिवेट सैल दिसला, तर मिस्त्रीदादांना दाखवा. अखंड डिस्क मात्र जराही हलता कामा नये. ब्रेक दाबल्यावर लिव्हर थरथरत असेल तर डिस्क वाकलेली असू शकते. कमीत कमी किती जाडी हवी, ते बहुतेक डिस्कवरच मिलिमीटरमध्ये कोरलेलं असतं. त्याहून झिजली की बदलायचीच.

नवी डिस्क बसवताना जवळ उभं राहा. जिथं ती बसते ती जागा स्वच्छ पुसली का? बोल्ट एकदम न पिळता, समोरासमोरचे थोडे थोडे आवळले का? शेवटी टॉर्क पाना लावला का? डिस्कला तेल-ग्रीसचं बोट लागलं असेल तर ब्रेक क्लीनरनं पुसून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कामात पॅड मागं सरकवलेले असतात, त्यामुळं पहिला दाब पोकळ जातो. गाडी जागेवरच उभी ठेवून, लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. मगच निघा. पहिले काही दिवस ब्रेक नेहमीपेक्षा लांबून आणि हळू धरा, कारण नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला वेळ लागतो.

आमच्या गटांना आमचं एवढंच सांगणं: महिन्याच्या बैठकीला आलेल्या गाड्यांच्या डिस्क, घरी निघण्याआधी एकदा बघा. पाच मिनिटांचं काम आहे.