गोण्यांवर बसलेली बाई

(घाटकोपर येथे भाजी-फळं विकणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



पहाटे तीनला उठून वाशीच्या मार्केटला जाणाऱ्या बाईला संध्याकाळी बैठकीला बोलावणं म्हणजे तिची उरलीसुरली झोप मोडणं. तरी तुम्ही आलात. मुलुंडहून, अंधेरीहूनसुद्धा आलात. म्हणून लांबण लावत नाही. मारहाण, रेशन, फेरीवाल्यांचे परवाने यांवर आपण नेहमी बोलतो. आज टेम्पोवर बोलायचं आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्यातल्या एक मावशी टेम्पोवरून पडल्या. पाच-सहा जणींनी वर्गणी करून ठरवलेला टेम्पो. खाली कांदा-बटाटा, त्यावर कोबी-फ्लॉवर, आणि सगळ्यात वर बायका. वळणावर गाडी कलली, दोरी सुटली, मावशी खाली. मांडीचं हाड मोडलं. तीन महिने धंदा बंद. विमा कंपनीचं पत्र आलं, मालवाहू गाडीतल्या प्रवाशाची जबाबदारी आमची नाही. मालक म्हणाला, मी बसवलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, त्याच चढल्या. थोडक्यात, तिघांच्याही हिशेबात मावशी त्या टेम्पोवर नव्हत्याच. होता फक्त माल.

मग आम्ही कायदा वाचायला बसलो. जे कळलं ते सांगते.

गाडी किती वजन वाहणार हे ड्रायव्हरच्या किंवा व्यापाऱ्याच्या मनावर नसतं. प्रत्येक गाडीच्या आरसी बुकात ते लिहिलेलं असतं. रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन, असे दोन आकडे असतात. मोठ्यातून लहान वजा केला की गाडीची खरी ताकद कळते. पन्नास किलोच्या वीस गोण्या म्हणजे एक टन. एवढा हिशेब तर आपण तोंडी करतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ११३ वं कलम म्हणतं की त्या आकड्यापेक्षा जास्त वजन घेऊन गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. १९४ वं कलम दंड सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि उतरवण्याचा खर्चही त्यांच्याच माथी.

पूर्वी बऱ्याच राज्यांत वेगळीच रीत होती. दंड भरा, पावती घ्या आणि तसंच पुढे जा. जणू धोक्याचं तिकीट काढलं! नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे चालणार नाही, दंड भरला म्हणून जादा वजन कायदेशीर होत नाही. २०१८ मध्ये सरकारनं वजनाची मर्यादाच वाढवली. मागच्या चार चाकांच्या एका आसाला १०.२ टन होते, ते ११.५ झाले. मर्यादा वाढली तरी मर्यादा आहेच.

आता कुणी म्हणेल, दोन गोण्या जास्त टाकल्या तर काय आभाळ कोसळतं? ब्रेक ठरावीक वजनासाठी बनवलेले असतात. वजन वाढलं की गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. नाशिकचा कांदा कसारा घाट उतरून येतो. उतारावर ब्रेक तापतात, आणि फार तापलेला ब्रेक धरत नाही. माल उंच रचला की गाडीचा तोल वर सरकतो, वळणावर ती उलटते. रस्त्याचीही तीच गत. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉय राज्यात ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून असं दिसलं की आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, साधारण सोळापट होते. पुढे त्याच खड्ड्यात मागे बसलेली, मांडीवर मूल घेतलेली बाई स्कूटरवरून पडते.

मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या जकात नाक्यांवर एके काळी गाड्यांच्या रांगा लागायच्या. २०१७ मध्ये जकात गेली, रांगाही गेल्या. तिथे मालाची किंमत तपासत होते. मालावर बसलेल्या माणसाची किंमत कुणी तपासली नाही.

दोष कुणाचा? ड्रायव्हरला शिव्या देणं सोपं आहे. पण त्याला फेरीमागे पैसे मिळतात. मालकावर गाडीच्या कर्जाचे हप्ते असतात. भाव पडला की शेतकरी म्हणतो, एका भाड्यात जेवढं जाईल तेवढं जाऊ दे. आणि आपण? आपणही पाच जणींच्या जागी आठ जणी चढतो, वर्गणी कमी पडावी म्हणून. हे कबूल केलं पाहिजे. पण कायदा इथे एक शहाणपणाची गोष्ट सांगतो. गाडी चालवणाराच नव्हे, चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही गुन्हेगार. ड्रायव्हर मालक नसेल, तर मालकाला माहीत होतं किंवा त्यानंच सांगितलं, असं न्यायालय धरून चालू शकतं. तेव्हा ‘मला काय माहीत’ हे मालकाचं उत्तर पुरेसं नाही.

आता मावशींच्या पत्राकडे येते. नोव्हेंबर १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याचं संरक्षण मिळालं. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या इतर प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. ऐका नीट. मावशी प्रवासी नव्हत्या. खालचा कांदा त्यांचा होता. त्या मालाच्या मालकीण होत्या! पण हे सिद्ध कशानं करणार? मार्केटची पावती त्यांनी पिशवीत कोंबली होती, ती भिजून गेली.

आणि दुसरी अडचण. २००७ च्या एका निकालात न्यायालय म्हणालं, मालाचा मालक म्हणजे केबिनमध्ये बसणारा, मालावर बसणारा नव्हे. केबिनमध्ये जागा किती? ड्रायव्हर, क्लीनर आणि फार तर एक. तिथे कुणी पुरुष व्यापारी असेल तर तो बसतो. बाईला केबिनमध्ये बसायचा संकोच, ड्रायव्हरची नजर, लोकांचं बोलणं. म्हणून ती वर चढते. ज्या लाजेनं तिला वर पाठवलं, तीच तिची भरपाई खाते. स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या बैठकीत टेम्पो कशाला, याचं उत्तर हे आहे.

भरपाई मिळायची वेळ आली तरी पुढचा प्रश्न विचारला जातो, बाईची कमाई किती? भाजीवालीकडे पगाराची पावती नसते. घरकामाला तर मोलच नाही असं धरलं जायचं. पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या कामाचं मोल महिना तीन हजार रुपये धरलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा बजावलं की घरकाम हे काम आहे, त्याचं उत्पन्न धरलंच पाहिजे. म्हणजे मावशींचा धंदाही मोजायचा आणि घरात राबणंही मोजायचं. वकिलाला हे आपण सांगायचं.

आपल्या आणखी बहिणींची आठवण काढते. बीडच्या, मराठवाड्याच्या ऊसतोडणीच्या बायका. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन नवरा-बायको निघतात. दोघं मिळून एक कोयता. ट्रकमध्ये भांडी, लेकरं, सरपण आणि त्यावर माणसं. फडात दिवसभर तोडायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढून गाडी भरायची, रात्री गाडी आली तर रात्री. मजुरी टनावर. आजारपणात खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त ऊसतोड बायकांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. कारखान्याच्या काट्यावर ऊस किलोकिलोनं मोजतात. तो उचलणाऱ्या अंगावर किती भार आहे, ते मोजणारा काटा कुठेच नाही.

मग करायचं काय? पाच गोष्टी सांगते.

एक, मार्केटची पावती स्वतःच्या नावानं घ्या आणि प्लॅस्टिकमध्ये घालून अंगाशी ठेवा. दोन, टेम्पो ठरवताना आरसी बुक आणि विम्याचा कागद बघा, नंबर वहीत लिहून घरी ठेवा. तीन, दोघी-दोघींनी पाळी लावून मालाबरोबर केबिनमध्ये बसा, बाकीच्यांनी ट्रेननं किंवा बसनं या. मालावर कुणीही बसायचं नाही. चार, अपघात झालाच तर लगेच पोलिसांत नोंद करा. एप्रिल २०२२ पासून भरपाईच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे, ती डोक्यात ठेवा. पाच, वकिलाच्या फीला घाबरू नका. १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी मोफत वकील मागता येतो.

आणि सरकारकडे आपली मागणी एकच, पण ठाम. बाजारातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीचं वजन दारातच व्हावं, आणि किरकोळ विक्रेत्या बायकांसाठी पहाटेची, सामान नेता येईल अशी बस सुरू व्हावी. नुसतं ‘मालावर बसू नका’ म्हणणाऱ्यानं, मग बसायचं कुठे, तेही सांगायला हवं.

मावशी आज इथे आल्या आहेत, काठी टेकत. त्यांचा अर्ज आम्ही मुदतीत टाकला आहे. पावती नाही, पण बरोबर असलेल्या चार जणी साक्ष द्यायला तयार आहेत. कांदा मावशींचाच होता, हे त्या शपथेवर सांगणार आहेत. तारखेला कोर्टात जाताना तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी बरोबर या. कायद्याच्या कागदात दिसत नसलेली बाई निदान कोर्टाच्या बाकांवर तरी दिसू दे.