रेसमध्ये न्याय कोण करतं? स्ट्युअर्डच्या कामाबद्दल थोडं

(भागाचा लेखी मजकूर)

सांताक्रूझहून तुमचा मित्र पुन्हा एकदा हजर आहे. नेहमीचीच ओळख: बीटेक केलंय, दिवसा कोड लिहितो आणि रविवारी रेस बघतो. ट्रेनमध्ये ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज जरा बारकाईचं बोलायचंय.

एफ-वन बघताना स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ओळ येते, 'अंडर इन्व्हेस्टिगेशन'. मग दहा मिनिटांनी कळतं, अमक्याला पाच सेकंदांची पेनल्टी. आपण लगेच ग्रुपवर भांडायला मोकळे! पण ती पेनल्टी दिली कोणी? कुठे बसून दिली? कशाच्या आधारावर दिली? ती देणारे लोक म्हणजे स्ट्युअर्ड. आज त्यांच्याबद्दल.

आधी एक घोळ मिटवू. रेसच्या ठिकाणी अधिकाऱ्यांची मोठी फौज असते आणि आपण सगळ्यांना एकाच पोत्यात घालतो. ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभे असतात, गाडी अडकली की धावत जातात, ते मार्शल. गाडी नियमात बसते की नाही, वजन, टायर, हेल्मेट, सीटबेल्ट हे सगळं तपासतात ते स्क्रूटिनिअर. सगळी स्पर्धा प्रत्यक्ष चालवतो तो क्लर्क ऑफ द कोर्स. नावात क्लर्क असला तरी मैदानावरचा साहेब तोच. एफ-वनमध्ये त्याच्याही वर रेस डायरेक्टर असतो.

आणि या सगळ्यांपासून वेगळे बसलेले असतात स्ट्युअर्ड, साधारणपणे तीन जण. एफ-वनमध्ये आता चार असतात. त्यातला एक यजमान देशाच्या संघटनेने नेमलेला असतो. २०१० पासून पॅनेलवर एक माजी ड्रायव्हरही बसवायला सुरुवात झाली.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर स्ट्युअर्ड म्हणजे अंपायर नव्हे, मॅच रेफरीच्या जवळचा माणूस. सरकारच्या भाषेत सांगायचं तर क्लर्क ऑफ द कोर्स म्हणजे प्रशासन आणि स्ट्युअर्ड म्हणजे कोर्ट. आंतरराष्ट्रीय नियमावलीत एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे, की स्पर्धेच्या आयोजनाची कुठलीही जबाबदारी स्ट्युअर्डकडे नसते. तिकीट विक्री, प्रायोजक, वेळापत्रक सांभाळणं, यातलं काही नाही. का? कारण उद्या तक्रार आयोजकाच्याच निर्णयाविरुद्ध आली तर? जो स्पर्धा भरवतो, त्यानेच निकाल द्यायचा, हे चालणार नाही.

अबू धाबी, १२ डिसेंबर २०२१ आठवतंय ना? शेवटच्या लॅपचा तो गोंधळ. शिव्या सगळ्यांनी 'स्ट्युअर्ड'ना घातल्या. पण सेफ्टी कार कधी आत घ्यायची हा निर्णय रेस डायरेक्टरचा होता. स्ट्युअर्डचं काम त्यानंतर सुरू झालं. मर्सिडीजने दोन प्रोटेस्ट दाखल केले, त्यावर त्याच रात्री सुनावणी झाली आणि दोन्ही फेटाळले गेले. निर्णय पटो न पटो, कोणाचं काम काय होतं हे तरी नीट कळायला हवं.

मग स्ट्युअर्ड नेमकं करतो काय?

पहिली गोष्ट, वाचतो. खूप वाचतो. आंतरराष्ट्रीय कोड, राष्ट्रीय नियम आणि त्या एका स्पर्धेपुरते काढलेले खास नियम. आपल्या भाषेत डॉक्युमेंटेशन. जे वाचायला कोणालाच आवडत नाही आणि अडलं की सगळ्यांना आठवतं, तेच.

दुसरी गोष्ट, ऐकतो. ड्रायव्हरला आणि टीमच्या प्रतिनिधीला लेखी बोलावणं जातं. त्यांचं म्हणणं ऐकलं जातं. व्हिडिओ, गाडीचा डेटा, रेडिओवरचं बोलणं, मार्शलचा रिपोर्ट, सगळं समोर ठेवलं जातं.

तिसरी गोष्ट, निर्णय देतो. नुसती समज देण्यापासून दंड, टाइम पेनल्टी, ग्रिडवर मागे ढकलणं ते थेट स्पर्धेतून बाद करण्यापर्यंत.

चौथी गोष्ट, लिहितो. आणि माझ्या मते या कामाचं मर्म इथे आहे. एफआयएचे निर्णय जाहीर होतात, कधी उघडून बघा. वर कागदाचा नंबर, तारीख, वेळ. खाली काय घडलं, कुठलं कलम मोडलं, निर्णय काय आणि शेवटी कारण. आमच्याकडे चांगला बग रिपोर्ट असाच असतो. काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, आता काय करायचं आणि का.

लिहिण्याला एवढं महत्त्व का, त्यासाठी एक जुना किस्सा सांगतो. आपल्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील.

१२ जुलै १९९८, सिल्व्हरस्टोन, ब्रिटिश ग्रां प्री. धो धो पाऊस आणि त्यामुळे सेफ्टी कार बाहेर आलेली. अशा वेळी ओव्हरटेक करायचं नसतं. मायकेल शूमाखरने अलेक्झांडर वुर्त्झला मागे टाकलं. वेळ सव्वातीन. स्ट्युअर्डनी पेनल्टी दिली, ठीक. पण फेरारीच्या हातात कागद पडला तीन वाजून सेहेचाळीस मिनिटांनी, म्हणजे ३१ मिनिटांनी. नियम होता २५ मिनिटांचा.

बरं, कागद हाताने लिहिलेला. त्यावरून कळेना, की पिटमध्ये येऊन दहा सेकंद थांबायचंय, की शेवटी एकूण वेळेत दहा सेकंद मिळवायचेत. शिवाय ज्या कलमाचा हवाला दिला होता, ते लागू होतं फक्त शेवटच्या बारा लॅपमधल्या चुकांना. आणि ही चूक झाली होती साठपैकी त्रेचाळिसाव्या लॅपला!

फेरारीने काय केलं? शेवटच्या लॅपला शूमाखरला पिटमध्ये बोलावलं. फिनिशची रेषा पिट लेनमधूनही जाते आणि फेरारीची जागा होती रेषेच्या पलीकडे. म्हणजे तो आधी रेस जिंकला आणि मग पेनल्टी भोगायला थांबला! हाक्किनेन दुसरा. पुढे स्ट्युअर्डनी ती पेनल्टीच मागे घेतली. मॅक्लारेनचं अपीलही फेटाळलं गेलं. आणि त्या तिन्ही स्ट्युअर्डनी आपली लायसन्स परत केली.

गंमत बघा. शूमाखरने ओव्हरटेक केलं होतं, याबद्दल फारसा वाद नव्हता. वाद पेटला तो कागदावरून. उशीर, धूसर शब्द आणि चुकीचं कलम. सत्य स्ट्युअर्डच्या बाजूला असून भागत नाही. ते वेळेत आणि नीट लिहिलेलं असावं लागतं. नाहीतर दोषी सुटतो आणि दुसऱ्या नंबरवाल्याच्या मनात कायमची अढी बसते.

आता तुम्ही म्हणाल, सिल्व्हरस्टोनचं आम्हाला काय? आमच्या सांताक्रूझमध्ये तर रिक्षा तिसऱ्या गिअरमध्ये जायची मारामार. बरोबर आहे. २०२३ च्या मार्चमध्ये डेव्हिड कुल्थार्डने वांद्र्याला बँडस्टँडवर रेड बुलची एफ-वन गाडी पळवली, तेवढंच आपल्या नशिबी. तेही प्रदर्शन होतं. प्रतिस्पर्धी नाही, म्हणजे भांडण नाही, म्हणजे स्ट्युअर्डची गरजही नाही.

पण मुंबईचं या कामाशी नातं जुनं आहे. १९८० च्या दशकात हिमालयन रॅली गाजली, तिच्यामागे नझीर हुसैन हे मुंबईकर होते. पुढे ते एफ-वनमध्ये एफआयएचे स्ट्युअर्ड म्हणूनही बसले. भारतात एफ-वनचा ट्रॅक व्हायच्या कितीतरी आधी आपल्या शहरातला माणूस त्या खोलीत पोहोचला होता.

आणि आजही मुंबईतून रॅली निघतात. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची बायकांची 'रॅली टू द व्हॅली' तुम्ही ऐकली असेल. ही टीएसडी प्रकारची असते, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. यात सुसाट जायचं नसतं, अचूक जायचं असतं. समजा १८ किलोमीटरचा टप्पा आहे आणि सरासरी वेग दिलाय ताशी ३६. म्हणजे बरोब्बर ३० मिनिटं लागायला हवीत. उशिरा आलात तर पेनल्टी, लवकर आलात तरी पेनल्टी. वाटेत टाइम कंट्रोलवर मार्शल बसलेले असतात, ते कार्डावर तुमची वेळ लिहितात.

मी अशा रॅलींमध्ये व्हॉलंटिअर म्हणून टाइम कंट्रोलवर बसलोय. काम सोपं वाटतं. टेबल, घड्याळ, पेन. पण पाऊस सुरू झाला, एकामागोमाग गाड्या आल्या, की हस्ताक्षराचं काय होतं विचारू नका.

आता समजा एक टीम तक्रार घेऊन आली. आमच्या कार्डावर ७:४१ लिहिलंय आणि निकालात ७:४७ लागलंय. सहा मिनिटांची पेनल्टी, नंबर गेला! इंग्रजी आकड्यांतला एक आणि सात, घाईत सारखेच दिसतात. तुम्ही स्ट्युअर्ड आहात. काय कराल? टीम ओळखीची आहे म्हणून मान डोलवाल? की मार्शल आपला माणूस आहे म्हणून त्याची बाजू घ्याल?

दोन्ही नाही. मार्शलकडचा मूळ तक्ता मागवायचा. त्यात गाड्या आल्या त्या क्रमाने नोंदी असतात. आधीच्या गाडीची वेळ ७:४०, मग ही, आणि तिच्या खालची ७:४२. मग मधली ७:४७ असेल कशी? सात नव्हे, तो एकच आहे. टीम बरोबर. पण खालच्या ओळीत ७:४८ असेल, तर गोष्ट उलटी फिरते. मग मार्शलला बोलावून विचारायचं. म्हणजे निकाल तक्रारीच्या आवाजावर लागत नाही, नोंदींवर लागतो. आमच्याकडे सर्व्हर पडला की आधी लॉग बघतात, माणसावर बोट नंतर. तसंच हे.

प्रोटेस्टचेही नियम असतात बरं का. तोंडी आरडाओरडा चालत नाही. लेखी द्यावा लागतो, ठरलेल्या वेळेत द्यावा लागतो आणि सोबत फी भरावी लागते. तक्रार खरी ठरली तर फी परत. उगाच कोणी कोणाची खोडी काढू नये म्हणून ही सोय.

आता कौशल्यांचं बोलू. नियमांचा अभ्यास आणि लिहिणं झालं. तिसरं म्हणजे शांत डोकं. समोरचा ड्रायव्हर नुकताच हेल्मेट काढून आलेला असतो, रक्त उसळलेलं असतं. त्याला बोलू द्यायचं, आपण चढायचं नाही. चौथं, ओळखी बाजूला ठेवणं. हे आपल्याकडे सगळ्यात अवघड. महाराष्ट्रातलं रेसिंगचं वर्तुळ छोटं आहे. नाशिक, पुणे, कोल्हापूर, मुंबई, सगळे सगळ्यांना ओळखतात. काल ज्याच्यासोबत मिसळ खाल्ली, आज त्याचीच सुनावणी. अशा वेळी जवळचं नातं किंवा हितसंबंध असेल तर आधीच सांगून बाजूला होणं, हाच मोठेपणा. पाचवं, 'पुरावा पुरेसा नाही, म्हणून कारवाई नाही' असं म्हणायची हिंमत. शिक्षा न देणं हाही निर्णयच असतो आणि त्याचंही कारण लिहावं लागतं.

आणि शेवटचं, सगळ्यात गंभीर. २१ सप्टेंबर २०१९. राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली चालू होती. स्पर्धेसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटरसायकल आली आणि गौरव गिलच्या गाडीची तिला धडक बसली. एकाच कुटुंबातले तिघे गेले. गिलही जखमी झाला. पुढची रॅली रद्द झाली.

रस्ता बंद ठेवणं, माणसं उभी करणं, हे आयोजक, क्लर्क ऑफ द कोर्स आणि सेफ्टी ऑफिसरचं काम. पण सुरक्षिततेच्या कारणावरून स्पर्धा पुढे ढकलण्याचा अधिकार स्ट्युअर्डकडे असतो. तो वापरायचा प्रसंग आला तर विचार करा काय होत असेल. प्रायोजक आलेत, टीव्हीवाले आलेत, पन्नास टीम पैसे भरून थांबल्यात, आणि तुम्ही म्हणायचं, 'थांबा. आज नाही.' त्या क्षणी तुमच्यावर कोणीच खूश नसतं. आणि काही वाईट घडलंच नाही, तर तुम्ही काय वाचवलंत हे कोणाला कळतही नाही. म्हणूनच आयोजनाशी संबंध नसलेला माणूस तिथे लागतो.

रात्री वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर बाइक पळवणाऱ्या मित्रांनाही हेच सांगणं आहे. तिथे मार्शल नाही, ॲम्ब्युलन्स तयार नाही आणि 'थांबा' म्हणणारं कोणी नाही. तिला रेस म्हणू नका.

मग सुरुवात कुठून करायची? आपल्याकडे या खेळाची राष्ट्रीय संघटना म्हणजे एफएमएससीआय. ड्रायव्हरप्रमाणे अधिकाऱ्यांनाही लायसन्स तीच देते. थेट स्ट्युअर्ड कोणी होत नाही. आधी मार्शल म्हणून उन्हापावसात उभं राहायचं, टाइमकीपिंग किंवा स्क्रूटिनी शिकायची, मग वरची कामं. वर्षं लागतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. रेसिंग महाग आहे, गो-कार्टिंगच्या एका सीझनलाही आपल्यासारख्याचा पगार पुरत नाही. या रस्त्याने जायला मात्र स्वतःची गाडी लागत नाही. वेळ लागतो, वाचायची सवय लागते आणि स्वच्छ हस्ताक्षर लागतं.

तर पुढच्या वेळी स्क्रीनवर 'अंडर इन्व्हेस्टिगेशन' आलं, की ग्रुपवर भांडा, जरूर भांडा! पण निर्णयाचा कागद आला की तो उघडा आणि शेवटचा परिच्छेद वाचा, कारणाचा. तो पटतो का, ते मला कळवा. तुमच्यापैकी कोणी रॅलीत मार्शल म्हणून काम केलं असेल तर तेही सांगा, पुढच्या एखाद्या भागात आपण गप्पा मारू.

आजच्यासाठी एवढंच. काळजी घ्या, हेल्मेट घाला आणि तो बेल्ट लावा, मागे बसला असाल तरी. भेटू लवकरच!