वणव्याची राख आणि नळाचे पाणी

(वार्षिक समारंभातील भाषण)



उन्हाळ्यात संध्याकाळी त्र्यंबक रस्त्याने गेलात, तर एखाद्या डोंगरावर आगीची लाल रेघ सरकताना दिसते. मुले म्हणतात, "सर, किती छान!" लांबून दिसते खरे.

आपल्याकडचे वणवे बहुधा माणसाच्याच हातून लागतात. जुने गवत जाळले की नवे जोमाने येते, अशी समजूत आहे. कधी फेकलेली विडी पुरते. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडचा शेतकरी भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतो, ती गोष्ट निराळी. ते काम वाफ्यापुरते असते. ठिणगी उडाली तर धोका आहेच, पण सगळा दोष आदिवासी बांधवांवर ढकलून शहरवाल्यांनी मोकळे होऊ नये. डोंगरावर सहलीला आपणच जातो.

धुरातील सूक्ष्म कण आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही बारीक असतात. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसात खोल उतरतात. ज्यांच्या घरी दम्याचा रुग्ण आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

पण धूर काही दिवसांत विरतो. पाण्याचे तसे नाही. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाचा मारा झेलतो आणि पाणी जमिनीत मुरवतो. तोच जळाला की आषाढातला पाऊस उघड्या मातीवर आदळतो. ब्रह्मगिरी परिसरातली राख-माती ओहोळांतून गोदावरीत आणि पुढे १९६५ साली पूर्ण झालेल्या गंगापूर धरणात येते. राखेतील फॉस्फरस शेवाळाला खत ठरतो. गाळाने धरणाची साठवण घटते. सारा गाळ वणव्याचा नव्हे, डोंगर फोडणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. तरी जुन्या नाशकात, वडाळ्यात आपण जो नळ सोडतो, त्याचे पाणी मुख्यतः याच धरणाचे. आणि जे पाणी मुरलेच नाही, त्याचे झरे लवकर आटतात. मग डोंगराखालच्या वाड्यांतील बायकांना हंडे घेऊन लांब जावे लागते.

राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. वनखाते जाळरेषा काढते, हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवते. पण डोंगर मोठे, माणसे थोडी. म्हणून मुलांनो, अंजनेरीला जाल तेव्हा चूल पेटवू नका. वणवा दिसला तर स्वतः आगीत न शिरता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. डोंगराचे आणि जवळच्या गावाचे नाव मात्र नीट सांगा.