हुजूरपागेंतील मुलींची शाळा



पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील ‘हुजूरपागा’ ही मुलींची शाळा आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा तेथें होती, म्हणून हें नांव. घोडे गेले, पेशवाई गेली, आणि त्या जागेवर मुलींचें हायस्कूल उभें राहिलें. शाळेचा गौरव करतांना परीक्षांचे निकाल सांगण्याचा प्रघात आहे. मला मात्र या शाळेचें खरें कार्य निराळें वाटतें. तिनें मुलीच्या आयुष्यांतील सहासात वर्षें तिच्या स्वतःकरितां समाजाकडे मागितलीं.

याचा अर्थ थोडा उलगडून सांगतों. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली ती १८४८ सालीं. त्या प्राथमिक शिक्षणासही विरोध झालाच. पण लिहिणें-वाचणें दहाव्या वर्षाच्या आंत उरकणें शक्य होतें. मॅट्रिकची परीक्षा यावयाची सोळाव्या-सतराव्या वर्षीं, आणि लग्न व्हावयाचें त्यापूर्वींच कितीतरी! रमाबाई रानडे यांचें लग्न १८७३ सालीं झालें, तेव्हां त्या अकरा वर्षांच्या होत्या व त्यांना अक्षरओळख नव्हती. तेव्हां मुलींच्या हायस्कुलाचा प्रश्न पुस्तकांचा नव्हता, वयाचा होता.

याच रमाबाईंनीं पुढें गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर, मुलींसाठीं हायस्कूल असावें अशी विनंती करणारें भाषण इंग्रजींत वाचून दाखविलें. सभेंत टाळ्या मिळाल्या; घरीं वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे मिळाले. वामन आबाजी मोडक, न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित अशा गृहस्थांच्या खटपटीनें २९ सप्टेंबर १८८४ रोजीं शाळा सुरू झाली.

विरोध लागलाच होता. इंग्रजी आणि गणित मुलींस कशाला, अकरा ते पांच ही वेळ घरकामाच्या आड येते, असे आक्षेप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून निघाले. हे आक्षेप घेणारे लोक अजाण नव्हते. मुलगी दिवसभर शाळेंत राहिली कीं संसाराची जुनी घडी बदलणार, हें त्यांनीं नेमकें ओळखलें होतें. उलट पक्षीं आगरकरांचें मत असें कीं, स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावें. शाळेच्या घड्याळावरून चाललेला हा वाद वस्तुतः स्त्रीच्या दिवसावर सत्ता कोणाची, याविषयीं होता.

कायदा मागाहून सावकाश आला. १८९१ सालीं संमतिवय दहावरून बारा झालें. मुलीच्या लग्नाचें वय किमान चौदा असावें हा सारडा कायदा १९२९ सालचा. म्हणजे शाळा निघाल्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीं! तोंवर हीं वर्षें राखण्याचें काम शाळेनें आणि तिच्या वसतिगृहानें केलें. ब्रह्मदेशांत जन्मलेली एक मुलगी सातव्या वर्षीं या वसतिगृहांत आली. त्याच इरावती कर्वे. पुढें बर्लिनला जाऊन त्या मानववंशशास्त्रज्ञ झाल्या, आणि ‘युगान्त’ या ग्रंथास १९६८ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें.

अर्थात् हा लाभ प्रारंभीं बहुतांशीं पांढरपेशा घरांनाच झाला, हेंही सांगितलें पाहिजे. आज लग्नाचें वय कायद्यानें अठरा आहे आणि आपल्या घरांतील मुलीच्या शाळेची वेळ कोणास खटकत नाहीं. परंतु आपल्याकडे धुणेंभांडीं करावयास येणाऱ्या बाईची मुलगी आठवी-नववींत असेल, तर तिच्यासाठीं स्थळें पाहणें सुरू झालें आहे काय, हें एकदां विचारून पाहावें. उत्तर ‘होय’ असें आलें, तर १८८४ सालचें काम अद्याप संपलेलें नाहीं, आणि तें आतां आपल्या दाराशीं आलें आहे, असें समजावें.