नवे जनुकवैद्यक आणि आपली वधूवर-नोंदवही

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस 'वैद्यकातील अर्वाचीन संशोधन' हा विषय दिला. विषय समुद्राएवढा, आणि वेळ पंगतीची पाने मांडली जाईपर्यंतचा. तेव्हा सारा समुद्र धुंडाळण्याच्या भरीस न पडता एकाच घाटावर उतरावे असे आम्ही योजिले आहे. आईबापांकडून लेकरांकडे रक्तातून येणारा थॅलसेमिया नावाचा रोग, त्यावर नुकताच निघालेला जनुकोपचार, आणि या दोहोंचा आपल्या मंडळाच्या वधूवर-नोंदवहीशी असलेला संबंध, एवढेच आज बोलावयाचे आहे. शेवटचे शब्द ऐकून पुढल्या रांगेतील काही वडीलधाऱ्यांच्या भुवया वर गेलेल्या दिसतात. त्यांनी थोडा धीर धरावा, इतकीच विनंती.

आपल्या रक्ताचा तांबडेपणा हिमोग्लोबिन या द्रव्यामुळे असतो, आणि श्वासातील प्राणवायू अंगभर पोचविणे हे त्याचे काम. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन एका प्रकारचे असते. जन्मानंतर ते हळूहळू आटते आणि त्याची जागा मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन घेते. हे दुसरे हिमोग्लोबिन घडविण्यास लागणारे एक जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या दोन प्रती आपणांजवळ असतात, एक आईकडली व एक बापाकडली. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या म्हणजे मूल जन्मतः गुटगुटीत दिसते, पण गर्भातले हिमोग्लोबिन आटू लागले की सहाव्या महिन्याच्या सुमारास ते पांढरेफटक पडू लागते. पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी त्यास बाहेरचे रक्त चढवावे लागते, आणि तेही जन्मभर. चढविलेल्या रक्तातले लोह अंगात साठते, हृदयात, यकृतात व ग्रंथींत जाऊन बसते. ते बाहेर काढण्यासाठी पुन्हा रोजची औषधे. ज्या घरात असे मूल आहे त्या घरचे पंचांगच निराळे असते. तेथे महिना प्रतिपदेने सुरू होत नाही, रक्तपेढीच्या तारखेने होतो.

हा रोग मुळापासून जाण्याचा मार्ग बराच काळ एकच होता, तो म्हणजे दुसऱ्याची अस्थिमज्जा घालणे. आपल्या देशातले पहिले अस्थिमज्जारोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली झाले, ते रक्ताच्या कर्करोगासाठी. थॅलसेमियासाठीही ते आता अनेक ठिकाणी होते. कोल इंडियाच्या साहाय्याने चाललेल्या बालसेवा योजनेतून त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, हे गरजूंनी अवश्य ध्यानात ठेवावे. परंतु मज्जा जुळणारे भावंड लागते, आणि सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याचा संभव चारांत एक.

आता नवलाची गोष्ट ऐकावी. गर्भातले हिमोग्लोबिन जन्मानंतर आटते ते आपोआप नव्हे. बीसीएल११ए नावाचे दुसरे एक जनुक त्याची कळ बंद करते. शास्त्रज्ञांनी विचार केला, की बिघडलेले जनुक दुरुस्त करीत बसण्यापेक्षा ही कळ बंद करणारा हातच बांधून ठेवला तर? २०१२ साली जनुकात नेमक्या जागी छेद घेण्याचे क्रिस्पर नावाचे साधन हाती आले. त्याबद्दल एमान्युएल शार्पांतिये आणि जेनिफर डाउडना या दोन विदुषींस २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. या साधनाने रुग्णाच्याच मूळपेशी अंगाबाहेर काढून त्यांतील ती कळ मोडावयाची, आणि त्या पेशी पुन्हा त्याच्याच अंगात सोडावयाच्या. मग माणूस प्रौढ असूनही गर्भातले हिमोग्लोबिन घडवू लागतो! कॅसजेव्ही नावाच्या या उपचारास २०२३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडने व पाठोपाठ अमेरिकेने मान्यता दिली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात थॅलसेमियाच्या ३५ रुग्णांपैकी ३२ जणांस वर्षभर वा अधिक काळ बाहेरचे रक्त लागले नव्हते. ज्यांनी या मुलांचे हाल पाहिले आहेत, त्यांस हा आकडा वाचून गहिवर आल्याशिवाय राहणार नाही.

पण ही गंगा वाटते तितकी सुलभ नाही. नव्या पेशींस जागा मिळावी म्हणून आधी प्रखर औषधे देऊन जुनी मज्जा जाळावी लागते. त्या दिवसांत रुग्ण कित्येक आठवडे रुग्णालयात, जंतूंपासून जपून, अतिदक्षतेने ठेवावा लागतो, आणि या औषधांनी पुढे अपत्यप्राप्तीची शक्ती जाण्याचीही भीती असते. शिवाय अमेरिकेतली त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक. आपल्या मंडळाने स्थापनेपासून जमविलेला सारा शिक्षणनिधी यात घातला, तरी एका मुलाच्या उपचाराचा एक कोपराही भरून निघणार नाही.

आपल्याकडील शास्त्रज्ञ स्वस्थ बसलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मुंबईचे आयआयटी व टाटा स्मारक यांच्या परिश्रमांतून निघालेल्या, रक्ताच्या कर्करोगावरील पेशीउपचारास २०२३ च्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली, आणि त्याची किंमत परदेशी उपचाराच्या सुमारे एक दशांश आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यक महाविद्यालयाने हीमोफिलियाच्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराचा वृत्तांत २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. सिकलसेलसाठी दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेत विकसित झालेले तंत्र २०२५ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले. आशेस जागा आहे. तथापि आज ज्या मुलीचे लग्न जमते आहे, तिच्या कामी ही आशा वेळेवर येईल असे धरून चालणे शहाणपणाचे नाही.

येथून आम्ही नोंदवहीकडे वळतो. ज्याच्याजवळ बिघडलेली एकच प्रत आहे त्यास वाहक म्हणतात. वाहक हा रोगी नव्हे. तो शेती करतो, कचेरीत जातो, दूर्वांची जुडी आणावयास सर्वांआधी धावतो, आणि आपण वाहक आहोत हे त्यास ठाऊकही नसते. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्याशी झाले, तर मुलांस हा रोग होत नाही. वाहकाशी वाहकाची गाठ पडली, तर दर खेपेस चारांत एक मूल रोगी निपजण्याचा संभव. 'दर खेपेस' या शब्दांवर आम्ही मुद्दाम जोर देतो. पहिले मूल आजारी झाले, आता पुढली तीन सुटली, असा हिशेब करून बसलेले सुशिक्षित लोक आम्ही पाहिले आहेत. चिठ्ठी प्रत्येक वेळी नव्याने काढली जाते. मागल्या चिठ्ठीची आठवण पेटीस राहत नाही.

आपल्या देशात वाहकांचे प्रमाण सरासरी शेकडा ३ ते ४ धरतात. म्हणजे या सभागृहात पाचशे मंडळी असतील, तर सरासरीने पंधरा-वीस जण वाहक. शेकडा ४ या प्रमाणाने, डोळे मिटून लग्ने लाविली, तर ६२५ जोडप्यांत एक जोडपे दोन वाहकांचे निघेल. एखाद्या ज्ञातीत हे प्रमाण शेकडा १० असेल, तर शंभरांत एक. प्रमाण अडीचपट, पण संकट सहापटीहून अधिक. आणि काही ज्ञातींत ते खरोखरच सरासरीहून पुष्कळ वाढलेले आढळते. याचे कारण पाप नव्हे, शाप नव्हे. पिढ्यान् पिढ्या थोड्या घरांनी आपसांतच सोयरिकी केल्या, म्हणजे कोणा एका पूर्वजाच्या रक्तातला दोष त्याच वर्तुळात फिरत राहतो. इरावतीबाई कर्वे यांनी जात म्हणजे विस्तारलेला नातेगटच होय असे प्रतिपादन केले होते. आज जनुकशास्त्र तेच निराळ्या वाटेने सांगते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समाजगट तपासले गेले, आणि त्यांपैकी ८१ गटांत हा 'थोड्या पूर्वजांचा' ठसा युरोपातील ज्यू व फिन लोकांहूनही खोल आढळला. त्यातच आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल. ती गोड असेल, पण या बाबतीत निर्धोक नाही.

वानगीदाखल एकच उदाहरण सांगतो, कारण त्यात शस्त्रक्रियेच्या टेबलाशी गाठ आहे. आंध्र-तेलंगणातील आर्यवैश्य समाजात रक्तातले एक विशिष्ट पाचकद्रव्य जन्मतःच नसण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे शंभरपट आहे. एरव्ही त्यांचे काही अडत नाही. परंतु भूल देताना स्नायू सैल करण्याचे सक्सिनिलकोलिन हे औषध दिले, की इतरांच्या अंगात ते काही मिनिटांत विरघळते. यांच्या अंगात मात्र तासन् तास टिकते, श्वासाचे स्नायू लुळे राहतात, आणि रुग्णास कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावे लागते. दक्षिणेकडील भूलतज्ज्ञ आता आडनाव व ज्ञाती विचारून औषध बदलतात. ज्ञाती विचारण्याचा इतका सत्पात्री उपयोग आम्हांस दुसरा कोठे आढळला नाही!

आता इतर समाजांनी काय केले ते पाहू. अमेरिकेतील कर्मठ ज्यूंत टे-सॅक्स नावाचा असाच आनुवंशिक रोग होता, आणि त्यात मुले चार-पाच वर्षांची होण्याच्या सुमारास दगावत. जोसेफ एकस्टाइन या धर्मगुरूंची चार मुले त्यात गेली. त्यांनी १९८३ च्या सुमारास 'दोर येशोरीम' ही संस्था काढली. विवाह वडीलधाऱ्यांनी ठरविण्याची चाल त्यांच्यातही आपल्यासारखीच. तेव्हा त्यांनी युक्ती अशी केली: शाळेतच मुलामुलींचे रक्त तपासावयाचे, प्रत्येकास नावाऐवजी एक आकडा द्यावयाचा, आणि निकाल कोणासच सांगावयाचा नाही. स्थळ सुचले, की दोन्ही घरांनी दोन आकडे कळवावयाचे. संस्था एवढेच सांगते, की जोडी योग्य आहे किंवा नाही. कोण वाहक हे कोणासही कळत नाही, त्यामुळे कोणाच्या मुलीस बोल लागत नाही. अमेरिकेतील ज्यूंत त्या रोगाची बालके शेकडा नव्वदाहून अधिक घटली. सायप्रस बेटात, जेथे दर सातांत सुमारे एक माणूस थॅलसेमियाचा वाहक, तेथे चर्चनेच लग्नापूर्वी तपासणीचा दाखला मागण्यास सुरुवात केली. दाखला तपासणी केल्याचा, निकालाचा नव्हे. ती कळूनही बहुतेक जोडप्यांनी लग्ने मोडली नाहीत. डोळे उघडे ठेवून केली, आणि पुढे गर्भजलादी तपासण्यांचा आधार घेतला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे नवे रोगी मूल जन्मणे जवळजवळ थांबले.

आमच्या नोंदवहीत आज काय विचारतात? गोत्र, देवक, रास, नाडी, उंची, वर्ण, पगार. अलीकडे रक्तगटाचाही रकाना आला आहे. दोघांचा रक्तगट एकच निघाला म्हणून मोडलेली स्थळे आम्हांस ठाऊक आहेत. एकनाडीची भीती शास्त्राचा सदरा घालून परत आली, दुसरे काय! रक्तगट एक असण्याने थॅलसेमिया होत नाही व निराळा असण्याने टळत नाही. जी चाचणी खरोखर उपयोगाची, ती मात्र नोंदवहीत नाही. ती काही शे रुपयांत होते. साध्या रक्तगणनेत तांबड्या पेशी आकाराने लहान दिसल्या, तर एचपीएलसी नावाच्या चाचणीने अ-२ हिमोग्लोबिन मोजतात. ते साधारण साडेतीन टक्क्यांहून अधिक भरले, तर माणूस वाहक ठरतो. विदर्भ-खानदेशात आढळणारा सिकलसेलही याच चाचणीत उमगतो. मुलगी फिकी दिसते म्हणून वर्षानुवर्षे खजूर, गूळ-शेंगदाणे आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पण रंग काही पालटत नाही, अशा घरांनी तर ही चाचणी आधी करावी.

विरोध कोणता होईल तो आम्ही जाणतो. एक सन्मान्य गृहस्थ आम्हांस म्हणाले, "डॉक्टर, मुलीचे नाव एकदा बाहेर पडले की तिला स्थळ येणार नाही. मुलाचे कोणी विचारीत नाही." त्यांची भीती खोटी नाही, आणि म्हणूनच निकाल नोंदवहीत लिहू नये असे आमचे मत आहे. दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा, की मग ज्ञातीबाहेर लग्ने करावीत हाच उपाय नव्हे काय? रक्तापुरते बोलावयाचे तर होय, वर्तुळ जितके मोठे तितका धोका कमी. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून हे वाक्य उच्चारताना आम्हांस संकोच वाटत नाही. ज्या घरांत अशी लग्ने झाली त्यांच्याकडे पाठ फिरविण्याची रीत निदान वैद्यकाच्या नावाने कोणी चालवू नये. पण बाहेरचाही वाहक असू शकतो, तेव्हा चाचणी तेथेही सुटत नाही.

लग्न होऊन गेलेल्या जोडप्यांनी घाबरून जाऊ नये. दोघेही वाहक निघाले, तर दिवस गेल्यावर दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते, आणि पुढचा निर्णय कायद्याच्या चौकटीत त्या दोघांनी घ्यावयाचा असतो. तो सासूने किंवा मंडळाने घ्यावयाचा नाही.

कार्यकारिणीपुढे आमची सूचना ठेवून आम्ही आपली रजा घेतो. नोंदवहीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: 'हिमोग्लोबिनची चाचणी केली आहे काय? दिनांक.' निकाल विचारू नये. तो ज्याचा त्याने जवळ ठेवावा, आणि पत्रिका पाहण्यापूर्वी दोन्ही घरांनी आपल्या विश्वासातील वैद्याकडून एकमेकांशी ताडून घ्यावा. मुलीकडून दाखला मागणाऱ्याने मुलाचा आधी द्यावा. अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी वर्षातून एकदा, गुणगौरव समारंभाच्याच दिवशी, रक्त घेण्याची सोय मंडळाने करावी. तो खर्च शिक्षणनिधीस जड जाणार नाही. ज्यांस खाजगीत काही विचारावयाचे असेल, त्यांच्यासाठी आम्ही भोजनोत्तर वाचनालयाच्या खोलीत तासभर बसणार आहोत. दार लोटून घेण्याची परवानगी चिटणिसांकडून आधीच मिळविली आहे.